सासऱ्यांचा पाकट आणि सामूची तब्येत

छापखान्यात त्यांना सगळे अनुस्वारराव म्हणत. एक तर ते बुटके आणि गोल होते, आणि दुसरं म्हणजे इतरांनी लिहिलेल्या अक्षरांच्या डोक्यावर जाऊन बसणं हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता. तेव्हा तपासायची मुद्रितं कागदावर यायची. सकाळी दहाला टेबलावर शाईच्या वासाचा गठ्ठा पडायचा आणि संध्याकाळी सहाला तो गोवर उठल्यासारखा लाल होऊन परत जायचा. अठ्ठावीस वर्षांत आपल्या नजरेतून एकही ऱ्हस्व-दीर्घ निसटलेलं नाही, असं ते सांगत, आणि समोरासमोर ‘नाही’ म्हणायची कोणाची छाती नव्हती. म्हणणाऱ्याचं ‘नाही’सुद्धा त्यांनी तपासून परत दिलं असतं.

अशा माणसाच्या बाहेरच्या खोलीत एके दिवशी आठ फूट लांब काचेची टाकी आली आणि टाकीत पाकट मासा आला. पाकट म्हणजे चपटा मासा. परातीएवढा गोल, मागे चाबकासारखी शेपटी आणि शेपटीवर विषारी काटा. समुद्रातले पाकट बहुतेकांना ऐकून माहीत असतात. हा गोड्या पाण्यातला होता. काळ्याभोर पाठीवर पिवळ्या ठिपक्यांची गोल गोल वर्तुळं, म्हणून त्याचं, म्हणजे तिचं, नाव तबकडी.

तबकडी सासऱ्यांची. सासरे धरणाच्या चौकीवर पस्तीस वर्षं पाण्याची पातळी मोजून वहीत लिहीत होते. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेवढ्यात गावातलं लहानसं मत्स्यालय बंद पडलं. बाकीचे मासे लोकांनी नेले. काट्याच्या भीतीने हिला कोणी हात लावेना. सासऱ्यांनी कपडे धुवायच्या टबातून तिला घरी आणलं. तेव्हा ती तळहाताएवढी होती. त्याला चौदा वर्षं झाली. सासूबाई गेल्यानंतर त्या घरात सासरे आणि तबकडी दोघंच उरली होती, आणि दोघांपैकी जास्त बोलकी तबकडी, असं अनुस्वाररावांचं प्रामाणिक मत होतं. जावयाचं आणि सासऱ्यांचं पटत नव्हतं असं नाही. पटतंय की नाही हे कळण्याइतकं बोलणंच कधी झालं नव्हतं. “प्रवास ठीक झाला?” “ठीक.” “जेवण झालं?” “झालं.” चोवीस वर्षांचा सगळा संवाद एका पोस्टकार्डावर मावला असता.

मग सासरे मागच्या दारच्या पायरीवरून घसरले आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. त्यांना शहरातल्या रुग्णालयात आणलं. शस्त्रक्रिया झाली, सहा आठवडे तिथेच राहावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं.

“आणि ती एकटी कशी राहील?” बायकोने विचारलं.

“कोण ती?”

“तबकडी.”

अनुस्वाररावांनी चष्मा काढून पुसला. वाद घालायचा विचार मनात आला की ते चष्मा पुसत, आणि तो पुसून होईपर्यंत विचार बदललेला असे. संसार असाच चालला होता.

टाकी आणायला ट्रक गेला आणि संध्याकाळी इमारतीखाली परत येऊन थांबला. चार हमाल होते. त्यांतल्या तिघांनी टाकी उचलली आणि चौथ्याने टबातली तबकडी पाहून जी आरोळी ठोकली, ती ऐकून तळमजल्यावरच्या आजीसुद्धा बाहेर आल्या. या आजींना एका कानाने अजिबात ऐकू येत नसे आणि दुसऱ्याने चुकीचं ऐकू येई.

रुग्णालयात सासऱ्यांनी पडल्यापडल्या एवढंच सांगितलं, “जावईबापू, मासा स्वतःचं बघतो. तुम्ही पाण्याचं बघा.”

पाण्यात बघायचं काय, अनुस्वाररावांना वाटलं. पाणी ओलं असतं, नळाला येतं, संपलं. ओळ सरळ होती, तिच्यात खूण करण्यासारखं काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तबकडीने खाणं सोडलं. कोळंबी टाकली, तिने तोंड फिरवलं. पाकटाने तोंड फिरवलं हे ओळखणं सोपं नाही, कारण त्याचं तोंड पोटाखाली असतं. पण अपमान कोणी केला तर तो अनुस्वाररावांना बरोबर कळे. वाळूत पसरून राहायचं सोडून ती काचेच्या कोपऱ्यात उभी राहिल्यासारखी चिकटली होती आणि डोळ्यांमागची छिद्रं भराभर उघडमीट करत होती.

गल्लीच्या टोकाला माशांच्या टाक्या विकणारा एक दुकानदार होता. त्याला सगळे टाकीवाला म्हणत. तो दोन काचनळ्या आणि चार बाटल्या घेऊन आला. एका नळीत टाकीतलं पाणी घेऊन त्यात तो थेंब टाकत गेला आणि मोजत गेला. पाणी लाल झालं ते लालच राहिलं. बाविसाव्या थेंबाला ते हिरवं झालं.

“बावीस!” टाकीवाला म्हणाला. “काका, हे पाणी नाही, दगड आहे. जितके थेंब लागतात तितकं पाणी जड. हिला पाच-सहा थेंबांचं हलकं पाणी लागतं. कूपनलिकेचं येतं ना इथे?”

“तेच येतं. बादलीला पांढरा थर बसतो,” बायको म्हणाली.

“बसणारच. सगळे क्षार. आता सामू बघू.”

सामू म्हणजे पाणी आंबटाकडे झुकलंय की उलटं, त्याचं माप. सात म्हणजे मधोमध. खाली गेलं की आंबट. तबकडीला साडेसहा ते सात हवा. दुसऱ्या नळीत तीन थेंब टाकून टाकीवाल्याने ती रंगांच्या कागदाशेजारी धरली. पिवळा म्हणजे सहा, पोपटी म्हणजे उत्तम, मोरपंखी म्हणजे वाईट, निळा म्हणजे फार वाईट.

“हा मोरपंखी,” बायको म्हणाली.

“हिरवा,” अनुस्वारराव म्हणाले.

“अहो, तुम्हाला आपल्या पडद्यांचा रंग अजून माहीत नाही.”

समोरच्या दारातून औषधवाले काका आले. चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवून आता ते घरी बसले होते. गिऱ्हाईक सुटलं होतं, सल्ला सुटला नव्हता. त्यांनी नळी उजेडात धरली आणि रंग ‘रामा’ असल्याचा निकाल दिला. असा रंग कागदावर नव्हताच. शेवटी टाकीवाल्याने निळा म्हणून जाहीर केला.

“सामू आठ आहे,” अनुस्वाररावांनी जिन्यातल्या आजींना ओरडून सांगितलं.

“आठ वर्षांचा? मग शाळेत घाला त्याला,” आजी म्हणाल्या.

इथून पुढे सगळं नीट झालं असतं. पण औषधवाले काका म्हणाले, “आंबटच करायचं आहे ना? लिंबू पिळा.” बारा लिंबं पिळली. पिळताना काट्याच्या भीतीने अनुस्वाररावांनी डाव्या हातात कढईचं झाकण ढालीसारखं धरलं होतं आणि पायात पावसाळी बूट घातले होते. तासाभराने नळीतला रंग पोपटी झाला. काकांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी रंग पुन्हा निळा. परत बारा लिंबं, परत पोपटी, परत निळा. चौथ्या दिवशी मंडईतल्या लिंबूवालीने विचारलं, “घरात कोणाला ऊन लागलंय का?”

“सामू खाली येतच नाही,” जिन्यात अनुस्वारराव वैतागून म्हणाले.

“येईल हो,” आजी म्हणाल्या. “खेळात रमलं असेल पोर.”

टाकीवाल्याने लिंबांच्या साली पाहून कपाळावर हात मारला. “काका, जड पाणी हट्टी असतं. त्यातले क्षार सगळा आंबटपणा गिळून टाकतात आणि होतं तिथे परत जाऊन बसतात. आधी पाण्याचा ताठा उतरवा. मग सामू आपोआप खाली येईल.”

ताठा कोणाचा कसा उतरवायचा याची अनुस्वाररावांना एकच रीत माहीत होती: लेखी. ते पाणीखात्याच्या कचेरीत गेले. खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म दिला. तक्रारीचे प्रकार चार: पाणी येत नाही, पाणी कमी येते, पाणी घाण येते, इतर. फॉर्मच्या माथ्यावर ‘पाणी पूरवठा’ छापलेलं होतं. खाली ‘तक्रारदाराचि सहि’. अनुस्वाररावांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे कधी गेला हे त्यांनाही कळलं नाही.

“हे काय केलंत?” बाई म्हणाल्या. “फॉर्म खराब केलात.”

“सुधारला.”

“सुधारलेला फॉर्म चालत नाही. नवा घ्या.”

“त्यात परत त्याच चुका असणार.”

“असू द्यात. पाण्याची तक्रार काय आहे?”

“पाणी जड आहे.”

बाईंनी त्यांच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. “बादली उचलवत नाही का? घरी आणखी कोणी नाही?”

त्यांनी ‘इतर’वर खूण केली. ‘इतर’ दुसऱ्या मजल्यावर होतं. दुसऱ्या मजल्यावर कळलं की ‘इतर’चे साहेब तीन वर्षांपूर्वी बदलून गेले आणि त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही, टेबलावर फक्त पेपरवेट होता. अनुस्वाररावांनी अर्ज पेपरवेटखाली ठेवला. आठवड्याभराने एक निरीक्षक घरी हजर झाला आणि म्हणाला, “राहत्या घरात मत्स्यपालनाचा धंदा चालतो, अशी नोंद आहे.”

“एक मासा आहे,” अनुस्वारराव तुटकपणे म्हणाले.

“सुरुवात एकानेच होते.”

बायकोने त्याला खुर्ची दिली. ती गांडुळाचा तुकडा पाण्यात सोडत होती. तबकडी कोपऱ्यातून निघाली, कडा लाटेसारख्या हलवत आली, तुकड्यावर पसरली आणि तसाच सोडून निघून गेली. निरीक्षक फॉर्म विसरला. “खात नाही का हो?” त्याने हळूच विचारलं. जाताना त्याने नोंदीत काय लिहिलं ते कोणी पाहिलं नाही, पण दोन दिवसांनी तो कामाशिवाय परत आला आणि तिने खाल्लं का, एवढं विचारून गेला.

कचेरीच्या भरवशावर मासा जगत नाही हे ओळखून टाकीवाल्याने मोरीत एक यंत्र बसवून दिलं. एका बाजूने नळाचं पाणी घ्यायचं, दुसऱ्या बाजूने क्षार काढलेलं शुद्ध पाणी थेंब थेंब द्यायचं, आणि उरलेलं, आधीपेक्षाही जड झालेलं पाणी तिसऱ्या नळीतून फेकायचं. एक बादली शुद्ध मिळायला तीन बादल्या जड पाणी निघे. ते पाणी फेकवेना म्हणून बायको त्याने लादी पुसू लागली, आणि राहिलेलं आजींनी झाडांसाठी आपल्या पिंपात भरून घेतलं.

“अर्धं यंत्राचं, अर्धं नळाचं मिसळा,” टाकीवाल्याने बजावलं. “आणि मी आठ दिवस बहिणीच्या लग्नाला चाललोय, तोवर काही नवीन करू नका.”

आता इथे चूक झाली, आणि ती स्वभावातून झाली. अर्धं शुद्ध? एखादी ओळ शुद्ध असते किंवा नसते. अर्ध्या शुद्ध पुस्तकावर आपली खूण करून त्यांनी ते कधी छापायला सोडलं नव्हतं. अनुस्वाररावांनी रोज टाकीतलं पाणी काढलं आणि त्या जागी निव्वळ यंत्राचं भरलं. थेंब बाविसाचे चौदा झाले, चौदाचे सात, साताचे तीन. सामू पोपटी झाला आणि पोपटीच राहिला. तबकडी वाळूत पसरली आणि कोळंबी खाल्ली. त्या दिवशी छापखान्यात त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून सगळ्यांना चहा सांगितला. सातव्या दिवशी तर नुसता एकच थेंब टाकला आणि पाणी हिरवं झालं. एक थेंब! असं पाणी ढगांनाही जमलं नसतं, असं ते बायकोला म्हणाले.

“टाकीवाल्याने अर्धं सांगितलं होतं,” बायको म्हणाली.

त्यांनी चष्मा पुसला.

नवव्या दिवशी रविवार होता. सकाळी नळीतला रंग पिवळाजर्द निघाला. कागदावर त्याच्याखाली रंगच नव्हता, म्हणजे सहाच्याही खाली, पाच असावा. तबकडीच्या कडा वाळलेल्या पानासारख्या वर वळल्या होत्या, काळी पाठ राखाडी पडली होती आणि तिने हलायचं सोडलं होतं. टाकीवाल्याच्या दुकानाला कुलूप होतं. लग्न लांबलं असावं.

“सामू पडला!” अनुस्वारराव जिन्यातून धावत सुटले.

“अगं बाई! कुठून?” आजींनी दार उघडलं.

“आठावरून पाचावर!”

“आपल्या इमारतीला तर तीनच मजले आहेत,” आजी मागोमाग उतरलेल्या औषधवाल्या काकांना म्हणाल्या, पण तोवर अनुस्वारराव फाटकाबाहेर गेले होते.

रुग्णालयात भेटायची वेळ अकरा ते बारा. सासरे उशाला टेकून बसले होते. वाटेत अनुस्वाररावांनी तीन वेगवेगळी वाक्यं रचली होती, तिन्ही निर्दोष. खाटेपाशी पोचल्यावर मात्र तोंडातून निघालं, “मी तिला मारलं बहुतेक.”

सासऱ्यांनी बसायची खूण केली. अनुस्वाररावांनी सगळं सांगितलं: बावीस थेंब, लिंबं, कढईचं झाकण, फॉर्म, यंत्र. चोवीस वर्षांत सासऱ्यांसमोर ते इतकं कधी बोलले नव्हते. सासरे ऐकत होते. ‘एक थेंब’ म्हटल्यावर त्यांचं पोट हलायला लागलं, आणि मग मांडीच्या टाक्यांना धरून ते हसले. शेजारच्या खाटेवरचा माणूस जागा झाला.

“एका थेंबाचं पाणी!” सासरे डोळे पुसत म्हणाले. “अहो, इतकं शुद्ध पाणी काय कामाचं? क्षार आहेत तोवर पाणी स्वतःला धरून राहतं. तबकडी खाणार, घाण करणार, त्याने पाणी आंबटत जाणार. ते सांभाळून घ्यायला पाण्यात काहीतरी नको का? तुम्ही सगळंच काढून घेतलंत. मग ते घसरणारच.”

“तुम्हाला सामू माहीत होता?”

“नाव आत्ता ऐकलं. पाणी माहीत होतं. आमच्या घरामागचा झरा जंगलातून यायचा, पाल्यावरून. चहासारखं पाणी. तरी तुमच्या सासूबाई टाकीच्या कोपऱ्यात मूठभर शिंपले ठेवायच्या. मी विचारलं होतं, शोभेला का? म्हणाल्या, नुसत्या मऊ पाण्याला भरवसा नसतो.” त्यांनी पांघरूण सारखं केलं. “बाईमाणूस कुठून शिकली कोणास ठाऊक. विचारायचं राहून गेलं.”

सासूबाईंचं नाव त्या दोघांमध्ये निघायची ही पहिलीच वेळ होती.

“आता जा,” सासरे म्हणाले. “जड पाणी घाला. पण एकदम नको, एकदम घातलंत तर नक्की मरेल. तासाला एक बादली. तीन दिवस. आणि जगली तर महिनाअखेर मी ट्रक सांगितलाय. आम्ही दोघं आमच्या घरी जातो. शहरातलं पाणी आम्हाला मानवायचं नाही.”

घरी येऊन अनुस्वाररावांनी नळ उघडला, बादली भरली आणि खात्री म्हणून थेंब टाकले. चौथ्या थेंबाला पाणी हिरवं झालं. त्यांनी परत मोजलं. चारच. तेवढ्यात दारात निरीक्षक उभा राहिला, रविवार असून, हातात पत्र घेऊन, चेहरा अभिमानाने फुललेला.

“साहेब, तुमच्या अर्जाची दखल घेतली गेली. मी स्वतः मागे लागलो. कालपासून तुमची इमारत कूपनलिकेवरून काढून तलावाच्या लाइनवर टाकली. एकदम हलकं पाणी!”

अनुस्वारराव मोरीच्या उंबऱ्यावर बसले. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मागितलेली एकही गोष्ट कोणत्याही कचेरीने दिली नव्हती. जी दिली ती नेमकी आज.

“जड पाणी कुठे मिळेल?” त्यांनी क्षीण आवाजात विचारलं. निरीक्षकाचा चेहरा पडला.

बायको तोवर जिना उतरून खाली गेली होती. आजींच्या मागच्या अंगणात ते पिंप होतं, यंत्रातून निघालेल्या जड पाण्याने काठोकाठ भरलेलं. झाडांना ते मानवलं नव्हतं. कुंड्यांवर पांढरा थर धरला होता, म्हणून आजींनी ते तसंच झाकून ठेवलं होतं.

“सामूसाठी हवंय? न्या, सगळं न्या,” आजी म्हणाल्या. “पडलेल्या पोराला पाण्याला नाही म्हणू नये.”

ते पाणी वर कसं न्यायचं हा प्रश्न निरीक्षकाने सोडवला. त्याने कोट काढून कठड्यावर टाकला आणि पहिली बादली उचलली. औषधवाले काका घड्याळ घेऊन बसले, कारण तासाला म्हणजे तासाला, औषधाची वेळ चुकवायची नसते. बायको बादली धरायची आणि अनुस्वारराव बारीक नळीने पाणी सोडायचे, धारेचा आवाजही होणार नाही असं. या वेळी हातात झाकण नव्हतं. पाण्यात कोपरापर्यंत हात होता आणि काट्यापासून तो वीतभर लांब होता, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. संध्याकाळपर्यंत सहा बादल्या झाल्या. सोमवारी त्यांनी छापखान्यात रजा टाकली. कारणाच्या रकान्यात ‘सामू’ एवढंच लिहिलं; व्यवस्थापकाला ते कोणाचं तरी नाव वाटलं आणि त्याने ‘लवकर बरे व्हावेत’ असा शेरा मारला.

मंगळवारी दुपारी, चार वाजता, तबकडीच्या कडा उलगडल्या. आधी डावी, मग उजवी. ती वाळूवर सपाट झाली, थोडा वेळ तशीच राहिली, आणि मग अख्खी टाकी ओलांडून समोरच्या काचेवर पोट टेकवून उभी राहिली. बायकोने गांडूळ सोडलं. ते गेलं. दुसरं सोडलं. तेही गेलं. औषधवाल्या काकांनी घड्याळ बंद केलं. निरीक्षक खिडकीकडे तोंड करून उगाच बाहेर बघत राहिला.

आजी एकेक पायरी चढून वर आल्या. “सामू उठला का? कुठे आहे तो?”

सगळ्यांनी मिळून, आळीपाळीने, बऱ्या कानात ओरडून त्यांना सामू म्हणजे काय ते सांगितलं. आजींनी काचेला नाक लावून टाकीत पाहिलं.

“मग मी आठ वर्षांच्या मापाचा स्वेटर विणायला घेतलाय,” त्या म्हणाल्या, “तो कोणाला घालू?”

महिनाअखेरीला सासरे काठी टेकत घरी आले. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला येणार होता. त्यांनी खुर्ची टाकीसमोर ओढून घेतली आणि पाण्यात हात सोडला. तबकडी सरळ त्यांच्या तळव्याखाली आली आणि थांबली. रात्री बायकोने नुसतं वाढलं. तिचं वडिलांना थांबा म्हणून सहा वेळा सांगून झालं होतं, आणि सहाही वेळा त्यांनी पाण्याचं कारण दिलं होतं.

सकाळी ट्रक खाली लागला. अनुस्वाररावांनी नेहमीप्रमाणे नळीत पाणी घेतलं, तीन थेंब टाकले, हलवलं. आदल्या दिवशी आजींच्या पिंपातलं पाणी जरा जास्तच पडलं होतं. सासऱ्यांनी हात पुढे केला, “आणा इकडे.” नळी खिडकीत धरून ते बघत राहिले. बायको पिशवी हातात घेऊन दारात उभी होती.

“पोपटी,” सासरे म्हणाले.

अनुस्वाररावांनी पाहिलं. रंग मोरपंखी होता. शंकेला जागा नव्हती. ज्याला घरातल्या पडद्यांचा रंग माहीत नाही अशा माणसालाही तो मोरपंखी दिसला असता. सासऱ्यांनी पस्तीस वर्षं पाणी बघितलं होतं. त्यांनाही दिसला असणार. ते नळीकडे बघत नव्हते. ते जावयाकडे बघत होते.

“पोपटीच,” अनुस्वारराव म्हणाले. “एकदम पोपटी.”

“मग पाणी मानवतंय म्हणायचं तिला.”

“मानवतंय ना.”

“आता परत हलवायचं म्हणजे तिला त्रास.”

“फार त्रास. ट्रकमध्ये सामूचं काही खरं नाही.”

बायकोने दोघांकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि ती गॅलरीत गेली. खालून ड्रायव्हर ओरडला, “ताई, म्हणजे मी रिकामाच परत जाऊ?”

“रिकामे कशाला?” ती म्हणाली. “चहा घेऊन जा.”

सासरे पुढे सहा वर्षं त्या घरात होते. रोज सकाळी छापखान्याआधी अर्धा तास दोघं टाकीसमोर बसत आणि रंगावरून भांडत. बायको स्वयंपाकघरातून ओरडे, “अहो, तुमची बस जाईल!” भांडता भांडता सासरे धरणाच्या गोष्टी सांगत: पुरात वाहून आलेली खाट, चौकीतला एकुलता एक दिवा, डबा घेऊन दोन मैल चालत येणाऱ्या सासूबाई. अनुस्वारराव ऐकत. अजूनही कधी ओल्या वाळूचा वास आला की त्यांना तो अर्धा तास आठवतो, खिडकीतून येणारं ऊन, पाण्यातून छतावर हलणारा उजेड, आणि शेजारच्या खुर्चीतली ती काठी.

अशाच एका सकाळी सासरे म्हणाले, “पस्तीस वर्षांच्या नोंदीत माझी एक चूक आहे, जावईबापू. कोणाला सांगितलेलं नाही.”

अनुस्वाररावांनी नळी खाली ठेवली.

“एक दिवस मी पातळी मोजायला गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी अंदाजाने आकडा लिहून टाकला.”

“का नाही गेलात?”

सासऱ्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे भांड्यांचा आवाज चालला होता.

“ही झाली त्या दिवशी,” ते म्हणाले. “इतकी लहान होती. ठेवून जाववेना.”